१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर अडला तर: लिनक्सवर कुठून शोधायला लागायचं

"मावशी, साठच दाखवतंय गं. एकशे चव्वेचाळीस कुठे दिसतच नाही. विंडोज टाकू का परत?"

इंदूरच्या सुदामा नगरातून भाच्याचा फोन. पोरानं ऑफिसातून निघालेला, सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा जुना कॉम्प्युटर घेतला, त्यावर लिनक्स मिंट टाकलं आणि साठवलेल्या पैशातून १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, मॉनिटर आणला. जोडला, तर पडदा आधीच्यासारखाच. मी राजेंद्र नगरात, तो तिकडे, त्यामुळे पहिला अर्धा तास फोनवरच गेला. तेव्हा कमांड जशा अक्षर-अक्षर करून सांगितल्या, तशाच इथे सांगते.

आधी एक ठरवून घ्या. चित्र ग्राफिक्स चिपपासून निघतं आणि ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम), पोर्ट, कन्व्हर्टर, केबल, मॉनिटरचा पोर्ट असं करत पडद्यावर पोचतं. या साखळीत सर्वांत अरुंद जागा जी असेल तीच वेग ठरवते. ए.बी. रोड कितीही रुंद केला तरी बर्तन बाजाराच्या गल्लीत गाडी आपल्या चालीनंच जाणार. अडचण आली की लोक थेट टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून जबरदस्तीनं नवा मोड (पिक्सेल आणि हर्ट्झ यांची जोडी) घालायला बसतात. तो उपाय शेवटचा आहे. अरुंद जागा केबलमध्ये असेल तर कमांडनं ती रुंद होत नाही.

आधी बघायच्या गोष्टी

मॉनिटरच्या खालच्या बटणानं त्याचा स्वतःचा मेनू उघडा. माहितीच्या पानावर या क्षणी किती पिक्सेल आणि किती हर्ट्झ येतात ते लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर काय म्हणतो यापेक्षा या आकड्यावर माझा जास्त विश्वास. त्याच मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडायची सोय असते का बघा. काही मॉनिटर कारखान्यातून १.१ वर लावून येतात, ते १.२ किंवा १.४ वर न्यावे लागतात. एचडीएमआयलाही कधी कधी जुना-नवा असा पर्याय असतो. काही मॉनिटरांमध्ये वरचा वेग 'ओव्हरक्लॉक' नावाच्या वेगळ्या कप्प्यात असतो आणि तो चालू केल्याशिवाय कॉम्प्युटरला दिसतही नाही.

मग डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले उघडा आणि रिफ्रेश रेटची यादी खाली ओढून बघा. हसू नका. १४४ चे बरेच मॉनिटर स्वतःची ओळख देताना 'माझा आवडता मोड ६०' असंच सांगतात आणि लिनक्स आज्ञाधारकपणे तोच लावतं. यादीत १४४ असेल तर निवडा, 'ठेवा' म्हणा, झालं. पुढचं वाचायची गरज नाही.

तिसरी गोष्ट, केबल कुठे खोचली आहे? वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या पोर्टात हवी, मदरबोर्डच्या नव्हे. कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवलं की हात मागे जातो आणि जो पोर्ट लागेल त्यात केबल जाते. हे माझ्याकडूनही झालंय.

भाच्याच्या यादीत ६० आणि त्याखालचे आकडे होते, वर काही नाही. म्हणजे साखळी तपासणं आलं.

आकडेमोड: इथेच निम्मा प्रश्न सुटतो

१९२० गुणिले १०८० चं चित्र पाठवताना प्रत्यक्षात त्याहून जास्त पिक्सेलांची जागा लागते, कारण ओळीच्या आणि चित्राच्या शेवटी थोडी रिकामी जागा सोडलेली असते. टीव्हीच्या प्रमाणित मोजणीत ती धरून २२०० गुणिले ११२५ होतं. त्याला सेकंदाच्या ६० चित्रांनी गुणा, १४ कोटी ८५ लाख, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ. याला पिक्सेल क्लॉक म्हणतात. केबलवर '८के' लिहिलंय की '४के', यापेक्षा हा आकडा कामाचा.

हेच चित्र ७५ वर न्यायचं तर रिकामी जागा कमी करूनही साधारण १७४.५ मेगाहर्ट्झ लागतात. १०० ला सुमारे २३६. १२० ला टीव्हीच्या मोजणीनं २९७. १४४ ला मॉनिटर रिकामी जागा किती सोडतो त्यावर ३२५ ते ३४६. आणि ४के चित्राला ३० वर २९७, ६० वर ५९४.

आता पोर्टांच्या मर्यादा. एकपदरी डीव्हीआय १६५ वर थांबतो. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४०, २.० ची ६००. पण हा झाला कागदावरचा नियम, प्रत्येक चिप त्या मर्यादेपर्यंत जातेच असं नाही. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरांमधल्या ग्राफिक्सला लिनक्सचा ड्रायव्हर एचडीएमआयवर २२५ मेगाहर्ट्झच्या पुढे जाऊ देत नाही. चौथ्यापासून दहाव्या पिढीपर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना ३००, बोर्डवर वेगळी रूपांतराची चिप बसवलेली असेल तरच त्याहून जास्त. ही लिनक्सची खोड नाही, हार्डवेअरच तेवढं आहे.

हे आकडे शेजारी ठेवले की बरीच कोडी सुटतात. तिसऱ्या पिढीच्या मशीनला हल्ली स्वस्तात मिळणारा १०० हर्ट्झचा मॉनिटर एचडीएमआयनं लावला तर १०० मिळत नाहीत, २३६ हे २२५ मध्ये बसत नाहीत. ७५ मात्र मिळतात. सातव्या पिढीच्या मशीनवर ४के मॉनिटर एचडीएमआयनं ३० वरच चालतो आणि माउस चिखलातून ओढल्यासारखा सरकतो, कारण ५९४ हे ३०० च्या जवळपास दुप्पट. सहाव्या पिढीवर एचडीएमआयनं १२० मिळू शकतात, १४४ नाही.

डिस्प्लेपोर्टचं गणित वेगळं असतं आणि तो बराच मोकळा आहे. १.२ आवृत्तीत प्रत्यक्ष माहितीसाठी सेकंदाला १७.२८ गिगाबिट मिळतात. १४४ च्या १०८० चित्राला साध्या आठ-बिट रंगात ८.३ च्या आसपास पुरतात. म्हणून जुन्या ऑफिस मशीनला डिस्प्लेपोर्ट असेल तर एचडीएमआयचा नाद सोडा.

भाच्याची गोष्ट इथे संपते

त्याच्या मशीनला डिस्प्लेपोर्टच होते. मॉनिटरच्या खोक्यात केबल मात्र एचडीएमआयची. म्हणून त्यानं बोटभर लांबीचा डिस्प्लेपोर्ट-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर आणला. दुकानात त्याला सांगितलं, "चालतो सगळ्याला." चालतो, पण कुठवर?

हे साधे कन्व्हर्टर दोन प्रकारचे असतात. स्वतः काही रूपांतर करत नाहीत, कॉम्प्युटरचा पोर्टच एचडीएमआयसारखं बोलायला लागतो. पहिल्या प्रकाराची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ, दुसऱ्याची ३००. कन्व्हर्टर कोणत्या प्रकारचा ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यालाच विचारतो आणि त्यापुढचे मोड यादीतून गाळतो. १६५ मध्ये १४८.५ बसतात, १७४.५ बसत नाहीत. म्हणून ६०, आणि वर काही नाही. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरलाही याच कारणानं ६० वर थांबलेलं मी दोनदा पाहिलंय.

उपाय सोपा. दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्ट असलेली सरळ केबल. इंदुरात आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये मागताना "डीपी-टू-डीपी" असं स्पष्ट म्हणा आणि दोन्ही टोकं डोळ्यांनी बघून घ्या, कारण एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्याला एचडीएमआय असलेली केबलही तिथेच शेजारी टांगलेली असते. तिच्या पोटात हाच कन्व्हर्टर असतो. दोन मीटरपेक्षा लांब घेऊ नका. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट नसेलच तर 'अ‍ॅक्टिव्ह' कन्व्हर्टर मागा. तो खरोखर रूपांतर करतो, महाग पडतो, पण एचडीएमआय २.० पर्यंत नेतो.

केबल बदलली आणि यादीत १४४ आलं. संध्याकाळी बहिणीनं पोहे केले, वर भरपूर शेव. तुमची अडचण इथे सुटली नसेल तर पुढे वाचा.

ड्रायव्हर जागेवर आहे का

टर्मिनल उघडा. आय, एन, एक्स, आय, मग एक जागा, उणे चिन्ह आणि मोठं जी. मिंटमध्ये ही कमांड आधीच असते, इतरत्र इन्क्सी नावाचं पॅकेज टाकावं लागतं. उत्तरात ग्राफिक्स चिप, तिला लागलेला ड्रायव्हर, पडद्यावर खिडक्या दाखवणारी व्यवस्था एक्स की वेलँड, आणि मॉनिटरचा सध्याचा वेग दिसतो. इंटेलला आय-९१५ किंवा नव्या चिपला एक्सई, एएमडीला एएमडीजीपीयू, एनव्हिडियाला एनव्हिडिया किंवा नूव्हो असं काही दिसलं पाहिजे. रेंडररपुढे 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर समजा की ग्राफिक्सचं काम बिचारा प्रोसेसर करतोय.

याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे इन्स्टॉल करताना वापरलेला आणि नंतर विसरलेला 'नोमोडसेट'. पडदा काळा राहतो म्हणून कुणीतरी तो घालायला सांगतं, इन्स्टॉल होतं, आणि तो शब्द तसाच राहतो. तो असेपर्यंत कर्नल मॉनिटरचा मोड बदलायला हातच लावत नाही, एकच रिझोल्यूशन मिळतं, वेगाची निवड गायब. पाहायचं असेल तर प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन ही फाइल कॅट कमांडनं वाचा. तिथे तो शब्द दिसला तर ईटीसी फोल्डरच्या आत डिफॉल्ट, त्याच्या आत ग्रब नावाची फाइल आहे. ती सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं) एडिटरमध्ये उघडा, 'लिनक्स डिफॉल्ट' असं संपणाऱ्या नावाच्या ओळीतून तो शब्द काढा, सेव्ह करा, सुडो लावून अपडेट-ग्रब चालवा (अपडेट आणि ग्रब यांच्यामध्ये उणे चिन्ह), आणि मशीन पुन्हा सुरू करा. उबुंटू, मिंट, डेबियनला हे चालतं.

एनव्हिडियावाल्यांनी मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून किंवा उबुंटूच्या अतिरिक्त ड्रायव्हरांच्या पानावरून शिफारस केलेला ड्रायव्हर घ्यावा. संकेतस्थळावरून फाइल उतरवून हातानं बसवू नका, पुढच्या कर्नल अपडेटला रडाल. ड्रायव्हर टाकूनही लागत नसेल तर बायोसमधलं सिक्युअर बूट बघा. सही नसलेला ड्रायव्हर ते आत घेत नाही. इन्स्टॉलच्या वेळी पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच विचारतात. घाईत लोक तिथे 'कंटिन्यू' दाबतात आणि ड्रायव्हर बाहेरच राहतो. तिथे 'एनरोल' निवडायचं असतं.

मॉनिटर स्वतःबद्दल काय सांगतोय

प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एक ओळखपत्र असतं, ईडीआयडी. मुख्य भाग फक्त १२८ बाइटांचा, पुढे गरजेनुसार पुरवण्या. त्यात कोणकोणते मोड चालतात ते लिहिलेलं असतं आणि कर्नल त्यावर विसंबतो. केबल झिजली, पिन वाकली, मध्ये स्विच किंवा स्प्लिटर लावला की हे ओळखपत्र अर्धवट पोचतं किंवा पोचतच नाही. मग १०२४ गुणिले ७६८ सारखं आदिम रिझोल्यूशन समोर येतं. तसं झालं तर आधी मधलं सगळं काढून मॉनिटर थेट जोडा, दुसऱ्या केबलनं बघा.

ओळखपत्र वाचायचं असेल तर एडिड-डीकोड नावाचं पॅकेज टाका. सिस फोल्डरमध्ये क्लास, त्यात डीआरएम. तिथे प्रत्येक पोर्टाचा एक फोल्डर दिसेल आणि त्यात ईडीआयडी नावाची फाइल. ती या साधनाला वाचायला द्या. उत्तर लांबलचक येतं, पण आपल्याला दोनच गोष्टी बघायच्या: प्रत्येक मोडपुढचे हर्ट्झ आणि त्याचं पिक्सेल क्लॉक. १४४ ची ओळ इथे आहे, पण डेस्कटॉपच्या यादीत नाही, तर मधल्या साखळीनं ती गाळली. इथेच नसेल तर मॉनिटर या पोर्टावर ती देतच नाही. बऱ्याच मॉनिटरांचा पूर्ण वेग फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतो आणि एचडीएमआयवर कमी, हे त्यांच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात छापलेलं असतं.

एक्स की वेलँड

एक्सचा अकरावा अवतार १९८७ चा, वेलँडची सुरुवात २००८ ची. दोघांची साधनं वेगळी आहेत आणि इथेच जुने सल्ले फसवतात. एक्सवर एक्सरँडर ही कमांड मोडची यादी देते. अक्षरं एक्स, आर, ए, एन, डी, आर, सगळी छोटी. ज्या आकड्यापुढे तारा तो चालू मोड, अधिक चिन्ह म्हणजे मॉनिटरचा आवडता. वेलँडवर हीच कमांड चालवली तर यादी येते खरी, पण ती जुन्या प्रोग्रामांसाठी उभ्या केलेल्या बनावट पडद्याची असते. तिथे मोड बदलायचा प्रयत्न केला तर काहीच होत नाही, आणि माणूस तासभर स्वतःलाच दोष देत बसतो. ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांमध्ये सेटिंगचं पानच वापरा. केडीईला टर्मिनलमधून हवं असेल तर केस्क्रीन-डॉक्टर आहे.

मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप एरवी एक्सवर चालतो. उबुंटूच्या २५.१० आवृत्तीपासून ग्नोमचं एक्स सेशन दिलेलंच नाही.

दोन मॉनिटर लावणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. एक १४४ चा आणि एक ६० चा असेल तर एक्सवर दोघं मिळून एकच मोठा पडदा असतो. डेस्कटॉप चित्र एकाच तालावर जुळवतो आणि बहुतेकदा तो ताल हळू मॉनिटरचा. सेटिंगमध्ये १४४ दिसतात, मॉनिटरच्या मेनूतही १४४ दिसतात, पण खिडकी ओढली की ६० सारखीच अडखळते. खात्रीसाठी हळू मॉनिटर काढून बघा. तेवढ्यानं खिडक्या सुळकन सरकायला लागल्या तर वेलँडवर जा. तिथे प्रत्येक मॉनिटर आपापल्या तालावर चालतो. यासाठी मी स्वतः एक्स सोडलं, बाकी तक्रार नव्हती.

एएमडी आणि एचडीएमआय २.१

एएमडीचं नवं कार्ड, ४के १२० हर्ट्झचा टीव्ही, एचडीएमआय २.१ ची केबल, आणि तरी पूर्ण रंगांत १२० मिळत नाहीत? एचडीएमआय २.१ चे नियम उघडे नाहीत. एएमडीनं मुक्त ड्रायव्हरमध्ये ते बसवण्याची परवानगी मागितली आणि २०२४ मध्ये हे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमनं नकार दिला, हे एएमडीच्या अभियंत्यानंच जाहीर केलं. विंडोजवर तेच कार्ड चालतं, म्हणून लोकांना वाटतं लिनक्स कच्चं आहे. कागदी कुलूप आहे, तांत्रिक नव्हे. वाट डिस्प्लेपोर्टची: मॉनिटर असेल तर थेट, टीव्ही असेल तर डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय २.१ करणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर.

आता, शेवटचा उपाय

सगळं तपासलं, आकडेमोडीत मोड बसतोय, मॉनिटर ७५ घेतो हे माहीत आहे, पण ओळखपत्रात ती ओळ नाही किंवा ओळखपत्रच फाटकं आहे, तरच हे करा.

एक्सवर तीन पायऱ्या. सी, व्ही, टी, जागा, १९२०, जागा, १०८०, जागा, ७५. उत्तरात 'मोडलाइन' शब्दानं सुरू होणारी ओळ येते. तिच्यात पहिला आकडा पिक्सेल क्लॉकचा, इथे २२०.७५. थांबा आणि तो आकडा तुमच्या पोर्टाच्या मर्यादेशी ताडून बघा. हे साधन रिकामी जागा सढळ हातानं सोडतं, म्हणून १७४.५ ऐवजी एवढे आले. बसत असेल तर 'मोडलाइन' शब्द सोडून पुढची सगळी ओळ एक्सरँडरला दोन उणे चिन्हं आणि 'न्यूमोड' लावून द्या. मग दोन उणे आणि 'अ‍ॅडमोड', पुढे पोर्टाचं नाव आणि मोडचं नाव. शेवटी दोन उणे 'आउटपुट' पोर्टाचं नाव, दोन उणे 'मोड' मोडचं नाव. पोर्टाचं नाव एक्सरँडरनं दाखवलं तसंच लिहा. मशीन पुन्हा सुरू केलं की हे पुसलं जातं, म्हणजे पडदा काळा झाला तरी बंद करून चालू करा, सगळं पूर्ववत. नीट चाललं तरच या तीन कमांड सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांत घाला.

वेलँडवर कर्नललाच सांगावं लागतं. मघाच्या ग्रब फाइलमधल्या त्याच ओळीत 'व्हिडिओ', बरोबरचं चिन्ह, पोर्टाचं नाव, कोलन, १९२०, छोटं एक्स, १०८०, ईमेलमधलं अ‍ॅट चिन्ह, ७५, मध्ये कुठेही जागा न सोडता. पोर्टाचं नाव सिसमधल्या फोल्डरवरून घ्या, कारण एक्स ज्याला 'एचडीएमआय-१' म्हणतं त्याला कर्नल 'एचडीएमआय-ए-१' म्हणतो. या एका 'ए' पायी माझी एक रात्र गेली आहे. पडदा गेला तर सुरू होताना ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून तो तुकडा खोडा आणि पुढे जा.

मॉनिटरनं 'आउट ऑफ रेंज' म्हटलं तर घाबरू नका, तो नको म्हणतोय एवढंच. चालू झाला पण बारीक ठिपके चमकतात, मध्येच क्षणभर काळा होतो, तर एक पायरी खाली या. केबलवर ताण येतोय.

खरंच १४४ आले का

एनव्हिडिया नसलेल्या मशीनवर जीएलएक्सगिअर्स चालवा. पॅकेजचं नाव मेसा-युटिल्स. तीन रंगीत चक्रं फिरतात आणि दर पाच सेकंदांनी टर्मिनलमध्ये आकडा येतो, तो मॉनिटरच्या वेगाच्या आसपास हवा. ६० च्या जवळ घुटमळत असेल तर डेस्कटॉप अजून जुन्या तालावर आहे, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. भाच्याकडे १४३.९ च्या आसपास आकडे आले. "पॉइंट एक कुठे गेला?" असं त्यानं विचारलं. मोड लिहितानाच तो पूर्ण १४४ नसतो, म्हटलं, जा आता झोप.